शिळा समुद्र

यवतमाळहून कोणत्याही दिशेने निघालं तरी समुद्र लवकर लागत नाही. अशा गावात, जिथे नळ आठवडाभराने आला तर लोक त्याला लवकर आला म्हणतात, अश्वजित मुनेश्वर याने समोरच्या खोलीत समुद्र पाळायचं ठरवलं. नुसते मासे पाळले असते तर कोणी काही म्हटलं नसतं. अश्वजितला पाळायची होती दगडी पोवळी. म्हणजे दगडासारखी एका जागी बसणारी, पण आतून जिवंत असलेली आणि नीट सांभाळली तर जांभळी, हिरवी, गुलाबी होणारी समुद्रातली जनावरं. नीट नाही सांभाळली तर ती काय होतात, तेवढं पान त्याने पुढे कधीतरी वाचू म्हणून ठेवून दिलं होतं.

कारण विचारलं की तो आईचं नाव पुढे करी. कांताबाई तरुणपणापासून दर सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर जात, रांगेत उभ्या राहत, अभिवादन झालं की मागच्या समुद्रात पाय बुडवून परत येत. आता गुडघ्यांनी नकार दिला होता. "माय समुद्राकडं जाऊ शकत नाही, तर मी समुद्र मायकडं आणतो," असं अश्वजित कार्यालयात चहाच्या वेळी म्हणाला आणि आपल्याच वाक्यावर इतका खूश झाला की माघार घ्यायची सोय उरली नाही. त्याच भरात त्याने सगळ्यांना, अगदी साहेबांनाही, आमंत्रण देऊन टाकलं: बुद्धपौर्णिमेला घरी खीर खायला या आणि पोवळ्यांचे रंग पाहा. बुद्धपौर्णिमा मे महिन्यात येते, आणि मे महिन्यात यवतमाळात माणसाचाही रंग टिकत नाही, हे त्या वेळी कोणाच्या डोक्यात आलं नाही. कांताबाईंनी समुद्र मागितला होता का, हेही कोणी विचारलं नाही.

काचेची टाकी आली तेव्हा सोफा व्हरांड्यात गेला. अश्वजितची बायको उर्वशी बाभुळगावच्या शाळेत शिकवायची. ती संध्याकाळी बसमधून उतरून आली, व्हरांड्यातल्या सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "बरं झालं. आता मले घरातही जायची गरज नाही." अश्वजितने हे प्रोत्साहन मानलं.

पोवळी हैदराबादच्या एका दुकानातून आली. समुद्रातून तोडलेलं पोवळं घरात ठेवणं हा वाघाची कातडी ठेवण्याइतकाच गुन्हा, हे अश्वजितने वाचलं होतं, आणि तो सरकारी लिपिक असल्यामुळे घाबरलाही होता. म्हणून त्याने टाकीतच वाढवलेल्या तुकड्यांचा आग्रह धरला आणि पोवळ्यांपेक्षा त्यांचे कागद जास्त वेळा तपासले. हैदराबादची बस यवतमाळात येत नव्हती, तेव्हा तो पांढरकवड्याला जाऊन हायवेवरच्या एका ढाब्यापाशी उभा राहिला. क्लीनरने थर्माकोलचं खोकं हातात दिलं आणि विचारलं, "आईस्क्रीम है क्या?" अश्वजितने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर त्याने पुढे वर्षभर अनेकांसाठी वापरली.

पहिल्याच महिन्यात पोवळी तपकिरी झाली.

जांभळं तपकिरी झालं, हिरवं तपकिरी झालं, आणि गुलाबी तर असं तपकिरी झालं की चहाच्या गाळणीत राहिलेला चोथा बरा दिसावा. अश्वजितने निळे दिवे लावले, फेस काढायचं यंत्र लावलं, काचेच्या नळ्यांत थेंब टाकून कॅल्शियम मोजलं, क्षार मोजले, नायट्रेट मोजलं. नायट्रेट वाढलेलं निघालं. त्याचं कारण म्हणजे टाकीत जे दोन नारंगी मासे होते, त्यांना येणारा-जाणारा प्रत्येक जण मुरमुरे टाकत होता. पाण्यात मासे दिसले की मुरमुरे टाकायचे, ही सवय माणूस तळ्यावरून घरी येताना सोबतच आणतो. अश्वजितने काचेवर "मुरमुरे टाकू नयेत" अशी पाटी लावली. त्यानंतर लोक फुटाणे टाकू लागले.

शेजारचे किसनराव रोज सकाळी पाहणीला येत. लोहाऱ्याच्या पलीकडे त्यांचं कापसाचं आणि तुरीचं शेत होतं, घर मात्र कॉलनीत होतं, त्यामुळे सल्ला द्यायला त्यांच्याकडे दोन्हीकडचा वेळ होता. त्यांनी काचेला नाक लावून निदान केलं.

"अश्वजितभाऊ, हा लाल्या हाय. कापसाच्या पऱ्हाटीवर येते ना, तोच रोग. मॅग्नेशियम सल्फेट फवारा."

"काकाजी, हे पीक नाही. हे प्राणी आहेत."

"मंग हलत काहून नाई?"

"ते बसूनच असतात."

"म्हणजे नोकरीवर हाय," किसनराव म्हणाले, आणि अश्वजितच्या कार्यालयाची आठवण झाल्यासारखे हसले. पोवळ्यांना मॅग्नेशियम खरोखरच लागतं आणि त्याचीच बाटली आपण हैदराबादहून मागवलेली आहे, हे अश्वजितने त्यांना सांगितलं नाही. एकदा एक सल्ला बरोबर निघाला की माणूस आवरत नाही. तरीही दुसऱ्या दिवशी किसनरावांनी शेणखताचा विषय काढलाच.

त्यांच्या पत्नी इंदूबाई वेगळ्याच कामासाठी येत. त्यांच्या मुलीला, सुरभीला, मंगळ होता आणि गुरुजींनी पोवळ्याची अंगठी सांगितली होती. "एक बारकासा तुकडा तोडून द्या ना. तुमच्याइथं तर झाड वाढून राह्यलं." पत्रिका, मंगळ आणि गुरुजी या तिन्हींविरुद्ध अश्वजितने विद्यार्थिदशेत भाषणं केलेली होती. आता त्याच मंगळाचा पुरवठादार म्हणून आपल्याकडे पाहिलं जातंय हे त्याला फार लागलं. त्याने इंदूबाईंना विज्ञान समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नसन द्यायचं तर राहू द्या."

कांताबाई मात्र काही मागत नसत. त्यांची खाट टाकीसमोर होती. दिवसभर त्या टाकीकडे पाहत बसत. एकदा अश्वजितने मोठ्या अपेक्षेने विचारलं, "माय, कसा वाटते समुद्र?"

"समुद्र असा नसते बावा," त्या म्हणाल्या. "मी पाह्यला ना. मळकट असते. एवढं निळं कायले करून ठेवलं?"

अश्वजितने निळ्या दिव्यांकडे पाहिलं आणि विषय बदलला.

तेवढ्यात तक्रार झाली. गल्लीत पाण्यासाठी बादल्यांची रांग लागत असताना मुनेश्वरांनी घरात हौद भरून ठेवला आहे, असा निनावी अर्ज पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेला. अश्वजित त्याच कार्यालयात वरिष्ठ लिपिक होता. गावाला पाणी का येत नाही याची उत्तरं तयार करणं हे त्याचं काम, आणि ते तो मन लावून करी. अर्ज साहेबांकडे गेला, साहेबांनी न वाचता "संबंधितांनी स्थळपाहणी करावी" असा शेरा मारला, आणि अर्ज फिरत फिरत संबंधितांच्या, म्हणजे अश्वजितच्याच टेबलावर येऊन पडला. नियम म्हणजे नियम. तो भर दुपारी आपल्या घरी गेला आणि बेल वाजवली.

"आज काहून लवकर आला?" कांताबाईंनी विचारलं.

"मी तपासणीले आलो माय."

"मंग चपला बाहीर काढ."

साक्षीदार म्हणून किसनरावांना बोलावलं. त्यांनी टाकीतलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं, थू थू केलं आणि सांगितलं की हे पाणी ढोरही पिणार नाही. सदर पाणी पिण्यायोग्य नसल्याने पिण्याच्या पाण्याचा साठा आढळून आला नाही, असा अहवाल अश्वजितने लिहिला आणि वाचून त्याला बरं वाटलं. पण न पिण्याजोगं पाणी घरात साठवलं आहे असं कळताच तो विषय आरोग्याकडे गेला, आणि चार दिवसांनी एक माणूस डासांच्या अळ्यांचं औषध घेऊन दारात आला. ते औषध दोन चमचे टाकीत पडलं असतं तर पोवळ्यांचा प्रश्न कायमचा सुटला असता. अश्वजित दोन्ही हात पसरून टाकीसमोर उभा राहिला. "आधी माझ्यावर टाका," तो म्हणाला. त्या माणसाला अशा घरांची सवय होती. त्याने दाराबाहेरच्या कुंडीत औषध टाकलं, भिंतीवर खडूने तारीख लिहिली आणि निघून गेला.

आणि मग, कोणी आशा करायचं सोडून दिल्यावर, एप्रिलच्या शेवटी एका फांदीच्या टोकाला जांभळा रंग आला. अगदी टोकाला, नखाएवढा. अश्वजितने उर्वशीला स्वयंपाकघरातून ओढून आणलं. तिने भिंग लावून पाहिलं आणि कबूल केलं की हो, आहे. दुसऱ्या फांदीला हिरवट झाक आली. फुटाण्यांवरही बंदी आली होती, पाणी नियमाने बदललं जात होतं, आणि समोरच्या खोलीत दिवसभर कूलर चालू असल्यामुळे टाकीही थंड होती. संध्याकाळी पोवळी आपल्या छिद्रांमधून बारीक बारीक बोटं बाहेर काढत आणि कांताबाई त्यांच्याकडे पाहत चहा पीत. बुद्धपौर्णिमा जवळ आली होती. अश्वजित कार्यालयात मान वर करून चालू लागला, आणि साहेबांना त्याने आमंत्रणाची आठवण करून दिली, जी करून द्यायची काही गरज नव्हती.

समुद्राचं पाणी तयार करणं हे वेळखाऊ काम. नळाचं पाणी मशीनमधून गाळायचं, त्यात खास मीठ मिसळायचं आणि दोन-तीन दिवस मुरू द्यायचं. यासाठी मागच्या अंगणात दोन निळे ड्रम होते. पौर्णिमेच्या आठवड्यात दोन्ही ड्रम काठोकाठ भरलेले होते, मीठ संपलेलं होतं, आणि नवं मीठ हैदराबादहून निघालेलं होतं. अश्वजित कार्यालयात होता. उर्वशी कसल्याशा प्रशिक्षणाला गेली होती. आणि नळ आला.

नळ येतो त्या दिवशी यवतमाळात काय होतं हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. घरातलं जे जे पोकळ आहे ते ते भरलं जातं. हंडे, कळशा, बादल्या, कुकर, सणाला काढायची पातेली, सगळं. पण भरण्याआधी एक गोष्ट करायची असते: शिळं पाणी काढून टाकायचं. ताजं पाणी आल्यावर ज्या घरात शिळं पाणी भांड्यात राहतं, त्या घरच्या बाईला गल्लीत मान नाही. कांताबाई गुडघे धरत अंगणात गेल्या, इंदूबाईंना हाक मारली, आणि दोघींनी ड्रमची झाकणं उघडली.

"हे कवाचं हाय वो कांताबाई?"

"परवाचं असन. पाय ना, फेस बी आला त्याच्यावर."

"पार शिळं झालं."

"फेकू नोको मात्र. पाणी हाय ते."

फेकणं शक्यच नव्हतं. पाणी फेकणाऱ्या बायका या जिल्ह्यात जन्माला येत नाहीत. एक ड्रम बादली बादलीने कूलरमध्ये गेला. दुसरा इंदूबाईंनी आपल्या कढीपत्त्याला आणि मोगऱ्याला घातला, कारण मुनेश्वरांकडचं पाणी मशीनचं असतं, शुद्ध असतं, असं त्यांनी ऐकलं होतं. ड्रम घासून ताज्या पाण्याने भरले. घरात येता येता दोघींना दिसलं की काचेच्या टाकीतलंही पाणी जरा खाली गेलंय. मग तीही काठोकाठ भरून ठेवली. त्या दिवशी नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास बराच होता, म्हणजे पाणी स्वच्छ होतं.

अश्वजित घरी आला तेव्हा कांताबाई कूलरसमोर डोळे मिटून पडल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांत न दिसलेलं समाधान होतं.

"आज मस्त हवा येऊन राह्यली रे," त्या म्हणाल्या. "दादरसारखी."

अश्वजितने ओठांवरून जीभ फिरवली. खारट लागलं. तो अंगणात धावला, ड्रममध्ये बोट बुडवून चाखलं, आणि ते गोडं पाणी तोंडात तसंच धरून बराच वेळ उभा राहिला. आईवर रागवावं असं त्याच्या मनात आलं होतं, पण दादरसारखी हवा म्हणणाऱ्या बाईवर रागवायचं कसं, हे काही त्याला जमेना.

दुसऱ्या दिवशी कूलरच्या गवताला मिठाची साय धरली. तिसऱ्या दिवशी पंप अडकला आणि मोटर जळाली. मेकॅनिकने फोनवर सांगितलं की मे महिन्यात कूलर बिघडवायचा नसतो, हे लोकांना कळत कसं नाही. इंदूबाईंच्या कढीपत्त्याने पानं टाकायला सुरुवात केली. बाहेरचा पारा वर चढत होता आणि टाकीतला त्याच्या मागे जात होता. अश्वजितने टाकीभोवती ओली बारदानं गुंडाळली, वर टेबलफॅन लावला, गल्लीतल्या प्रत्येक फ्रिजमधून बर्फ जमवलेल्या बाटल्या आणून पाण्यात सोडल्या. लोहाऱ्याच्या बर्फ कारखान्यातून त्याने रिक्षात घालून एक लादी आणली. ती घरी पोचेपर्यंत रिक्षावाल्याच्या पायाखाली मावेल एवढीच उरली होती. वीज दुपारभर जाई. इन्व्हर्टरवर टाकीचा पंप चाले किंवा खोलीतला पंखा, दोन्ही नाही. अश्वजित पंप चालवी आणि आईला पुठ्ठ्याने वारा घाली. दमला की पुठ्ठा कांताबाई घेत आणि टाकीला वारा घालत.

काही उपयोग झाला नाही. जांभळं टोक आधी फिकट झालं, मग हिरवं, मग सगळंच. पौर्णिमेच्या सकाळी टाकीतली झाडून सगळी पोवळी पांढरीशुभ्र झालेली होती. जे पान पुढे वाचायचं म्हणून ठेवलं होतं, ते अश्वजितने त्या दिवशी वाचलं. पोवळ्यांच्या अंगात राहून त्यांना जेवू घालणारी जी सूक्ष्म शेवाळं असतात, ती उष्णतेने निघून गेली होती. रंग गेला म्हणजे अन्न गेलं. पांढरं पोवळं मेलेलं नसतं, पण उपाशी असतं आणि फार दिवस तग धरत नाही.

आमंत्रण रद्द करायला उशीर झाला होता. खीर शिजली होती. किसनरावांनी पाहुण्यांसाठी म्हणून आपल्या घरचा कूलर आणून खोलीत लावून दिला होता. संध्याकाळी कार्यालयातली मंडळी आली, गल्ली आली, नातेवाईक आले, पौर्णिमा म्हणून बहुतेक सगळे पांढऱ्या कपड्यांत. साहेब आले. अश्वजित हात जोडून दाराशी उभा होता आणि जमीन दुभंगली तर बरं असा विचार करत होता.

साहेब टाकीसमोर थांबले. वाकून पाहिलं.

"मुनेश्वर," ते म्हणाले, "वा."

मागून इंदूबाई म्हणाल्या, "अगं बाई, किती सुंदर. पहिले कसं मळकं दिसत होतं." किसनराव पुढे आले, चष्मा पुसून पाहू लागले आणि त्यांचा आवाज गहिवरला. "पहिल्या वेचणीचा कापूस हाय हा. याले म्हणते माल." लोक पुढे सरकले. मोबाइल निघाले. टाकीसमोर पांढऱ्या कपड्यांतल्या लोकांचे फोटो निघू लागले, आणि कोणीतरी टाळ्या सुरू केल्या. वर्षभर ज्याने मुरमुरे, मंगळ, लाल्या आणि अळ्यांचं औषध सोसलं, त्या माणसाला शेवटी मान मिळाला, आणि तो पोवळी मरायला लागल्यावर मिळाला. तो नाकारावा इतका अश्वजित मोठा नव्हता. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "मेहनत आहे साहेब."

"हा रंग आणायला काय करता?" साहेबांनी विचारलं.

अश्वजित उत्तर जुळवू लागला. उत्तरं जुळवणं हे त्याचं कामच होतं. पण तेवढ्यात खाटेवरून कांताबाईंचा आवाज आला.

"फोटो कायले काढून राह्यले त्याईचे? उपाशी हाय ते."

मोबाइल खाली आले.

"सांजेले बोटं काढत होते बाहीर, खायले," कांताबाई म्हणाल्या. "कवाचे काढत नाई. तोंड मिटून बसले. अश्वजित, सांगत काहून नाई तू?"

अश्वजितने जुळवलेलं उत्तर सोडून दिलं. "साहेब, हे मरून राह्यले," तो म्हणाला. कार्यालयात तो साहेबांशी वऱ्हाडीत कधी बोलत नसे, पण त्या वेळी दुसरी भाषा त्याला सुचली नाही. "उन्हानं असे झाले. मी सांभाळू नाही शकलो."

"मग आपण टाळ्या कशाला वाजवल्या?" साहेबांनी शेजारच्याला हळूच विचारलं.

"तो कूलर फिरवा तिकडं," कांताबाई म्हणाल्या.

किसनराव उठले. उभ्या पिकाची मान पडलेली त्यांनी आयुष्यात अनेकदा पाहिली होती, त्यामुळे त्यांनी आणखी काही विचारलं नाही. त्यांनी कूलर पाहुण्यांकडून वळवून टाकीकडे केला. पाहुण्यांनी घामाघूम होत गरम खीर खाल्ली आणि ज्या वेगाने खाल्ली त्या वेगानेच ते घरी गेले. किसनराव निघाले तेव्हा अश्वजित त्यांना म्हणाला, "काकाजी, कूलर नेता ना?" तर इंदूबाईच म्हणाल्या, "राहू द्या. आमचा कढीपत्ता तर गेलाच तुमच्या पाण्यानं. हे तरी वाचू द्या." वर्षभरात प्रथमच कोणी त्याला सल्ला न देता काही दिलं होतं.

मीठ आलं. पाणी बदललं. शेजाऱ्यांचा कूलर टाकीला आणि पुठ्ठा माणसांना, अशी विभागणी होऊन मे संपला. काही फांद्या गेल्याच. त्यांच्यावर बाहेरून हिरवं शेवाळ चढलं आणि अश्वजितने त्या न बोलता काढून टाकल्या. पण जूनमध्ये एका सकाळी, अजून दात घासायचे होते तेव्हाच, त्याला एका फांदीच्या बुडाशी डाग दिसला. चहा सांडल्यासारखा. त्याने भिंग लावलं. डाग नव्हता, रंग होता. ज्या रंगासाठी त्याने वर्षभर झोप घालवली तो नव्हे, ज्याच्यामुळे घालवली तो. पोवळ्याला जेवू घालणारी शेवाळं परत आली होती.

"तपकिरी झालं," तो ओरडला. "उर्वशी, तपकिरी झालं."

गल्ली धावत आली. किसनरावांनी पाहिलं आणि अश्वजितच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या भाऊ. होते असं. मळलं बिचारं." इंदूबाईंना तर फारच वाईट वाटलं. "पांढरं किती छान दिसत होतं हो. पुन्हा नाई होणार का तसं?" दुपारपर्यंत कार्यालयातही बातमी पोचली आणि साहेबांनी सांत्वनाचा फोन केला. अश्वजितने सगळ्यांचं सांत्वन आनंदाने घेतलं आणि ज्याला ज्याला भेटला त्याला आपलं पोवळं किती तपकिरी आहे हे सांगितलं.

संध्याकाळी ते निळे दिवे त्याने लावलेच नाहीत. खिडकीतून येत होता तेवढाच उजेड टाकीवर होता. आदल्या रात्री बदललेलं पाणी अजून पुरतं निवळलं नव्हतं, आणि त्या गढूळ पाण्यात तपकिरी फांद्यांनी बोटं बाहेर काढली होती. कांताबाई खाटेवरून उतरल्या, भिंत धरत टाकीपाशी आल्या आणि पाहू लागल्या.

"हा," त्या म्हणाल्या. "आता दिसते समुद्रासारखा."

मग त्यांनी साडी घोट्यांच्या वर उचलली, जणू पाय बुडवायचे होते, आणि अश्वजितला हात द्यायला सांगितला.